पात्र आणि देह : हॉलिवुडच्या साहसपटांतील संकटाचा नैतिक प्रश्न

१

'बेन-हर' (१९५९) या चित्रपटातील रथांच्या शर्यतीत एक क्षण असा येतो की प्रेक्षकाचा श्वास जागच्या जागी थांबतो. मोडून पडलेल्या एका रथाच्या अवशेषांवरून नायकाचा रथ उसळतो, नायक पुढच्या कठड्यावरून घोड्यांच्या दिशेने फेकला जातो आणि कसाबसा लोंबकळत पुन्हा रथात चढतो. चित्रपटाचे दिग्दर्शक विल्यम वायलर होते. मात्र रोममधील चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेल्या या शर्यतीचे चित्रण अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट या दोघांच्या देखरेखीखाली झाले. रथाने अवशेषांवरून उडी घ्यावी एवढेच योजलेले होते. रथातील माणसाने फेकले जावे हे कोणी योजले नव्हते. तो माणूस नायकाची भूमिका करणारा चार्लटन हेस्टन नव्हता. त्याच्या जागी उभा राहिलेला, कनट यांचा मुलगा जो कनट होता. त्याच्या हनुवटीला जखम झाली, ती शिवावी लागली. पुढे हेस्टन रथात परत चढत असल्याचे एक जवळचे दृश्य स्वतंत्रपणे चित्रित करून त्याला जोडण्यात आले, आणि एक अपघात कथेचा अविभाज्य भाग बनला.

या शर्यतीच्या चित्रीकरणात एक माणूस दगावला आणि त्याचा मृत्यू चित्रपटात दिसतो, अशी एक दंतकथा त्यानंतर वर्षानुवर्षे सांगितली गेली. तिला आधार नाही. परंतु ती टिकून राहिली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एखादी दंतकथा तथ्याच्या बळावर टिकत नसेल तर ती कोणत्यातरी गरजेच्या बळावर टिकते. शर्यतीतील मृत्यू खरा असावा, म्हणजे शर्यतीचा थरारही खरा ठरेल, अशी ही गरज आहे काय? आणि असेल, तर असा थरार अनुभवणाऱ्या रसिकाचा आस्वाद नैतिक दृष्ट्या निर्दोष मानता येईल काय?

हॉलिवुडच्या साहसपटांची निर्मितिप्रक्रिया हा सामान्यतः वृत्तपत्रीय कुतूहलाचा विषय समजला जातो. साहित्यशास्त्राच्या वा सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत त्याला स्थान मिळत नाही. तथापि कला आणि लौकिक जीवन यांच्या संबंधाचा जो प्रश्न या शास्त्रांनी पुन्हा पुन्हा हाताळला आहे, तो येथे एका टोकाच्या रूपात समोर येतो. कारण येथे एकच कृती एकाच वेळी काल्पनिकही असते आणि वास्तवही. संकट पात्राच्या पातळीवर खोटे असते, देहाच्या पातळीवर खरे असते.

२

दुःख, भय, मृत्यू यांच्या कलात्मक दर्शनातून आनंद कसा निर्माण होतो, या प्रश्नाची परंपरेने दिलेली उत्तरे भिन्न असली तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. जे दिसते आहे ते प्रत्यक्षात घडत नाही, हे ते गृहीतक होय. साधारणीकरणाच्या उपपत्तीत विभावादिकांचे व्यक्तिसंबंध गळून पडतात. भय हे अमुक माणसाला अमुक वेळी वाटलेले भय राहत नाही. एडवर्ड बुलो याने १९१२ साली मांडलेली मानसिक अंतराची कल्पनाही, वेगळ्या मार्गाने, जवळपास याच ठिकाणी पोहोचते. भयाचा आस्वाद घेता येतो तो लौकिक व्यवहाराशी असलेला त्याचा धागा सैल झाल्यामुळे. हा धागा पुन्हा ताणला गेला, तर रसिक रसिक राहणार नाही. तो मदतीला धावेल, किंवा पळून जाईल.

अभिनवगुप्ताने या संदर्भात नटाविषयी केलेले विवेचन फार अर्थपूर्ण आहे. रसाचे स्थान नट नव्हे, सहृदय होय, असे त्याचे मत आहे. नट हा पात्र आहे. मद्य ज्यात ओतले जाते ते पात्र मद्याची चव घेत नाही, तसा नट रसाचा आस्वादक नसतो. मराठीतही 'पात्र' या शब्दात भांडे आणि भूमिका हे दोन्ही अर्थ नांदतात. या उपमेच्या आधारे एक प्रश्न विचारता येतो, जो संस्कृत नाट्यशास्त्राला फारसा विचारावा लागला नव्हता : आस्वाद चालू असताना पात्राला तडा गेला तर?

तो विचारावा लागला नव्हता याचे कारण, त्या शास्त्राने त्याचे उत्तर प्रयोगाच्या नियमांतच देऊन ठेवले होते. युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. जेथे शस्त्रांचा वापर रंगमंचावर येतो तेथेही प्रत्यक्ष छेद, भेद वा रक्तस्राव होऊ नये, प्रहार केवळ संकेताने दाखवावा, असा दंडक आहे. अलंकारही जड धातूंचे नसावेत, कारण त्यांच्या भाराने नट थकतो. या नियमांकडे सहसा औचित्याचे वा रंगमंचीय सोयीचे नियम म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांत एक नैतिक शहाणपणही आहे. नटाचा देह संकेताच्या मागे सुरक्षित ठेवला, तरच प्रेक्षकाला संकेताचा आस्वाद निःशंकपणे घेता येतो. म्हणजे रसास्वादाची अलौकिकता ही एका लौकिक व्यवस्थेवर, नटाच्या देहाची काळजी घेण्यावर, उभी असते.

सिनेमाने ही व्यवस्था बदलली. कॅमेऱ्याला संकेत पुरत नाही. पडणारा माणूस त्याला पडताना दिसावा लागतो. दुसरीकडे, सिनेमाने संकलनाच्या रूपाने एक नवा संकेतही निर्माण केला. वॉल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनर्निर्मितीवर लिहिलेल्या निबंधात याचे नेमके उदाहरण दिले आहे : खिडकीतून मारलेली उडी स्टुडिओतील मचाणावरून चित्रित करता येते आणि त्यानंतरचे पलायन काही आठवड्यांनी दुसरीकडेच चित्रित करता येते. त्याच निबंधातील दुसरे उदाहरण मात्र अस्वस्थ करणारे आहे. नटाला दचकण्याचा अभिनय जमत नसेल, तर पुढे केव्हातरी तो स्टुडिओत असताना पूर्वसूचना न देता त्याच्या पाठीमागे गोळी झाडावी आणि त्याचे खरे दचकणे टिपून चित्रपटात जोडावे. पहिल्या उदाहरणात यंत्र देहाला वाचवते, दुसऱ्यात यंत्र देहाची शिकार करते. साहसपटाच्या निर्मितीचा सगळा इतिहास या दोन शक्यतांच्या मधे पसरलेला आहे.

आंद्रे बाझँ याने या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. एखाद्या घटनेचे सार जेव्हा दोन घटकांच्या एकत्र उपस्थितीत असते, तेव्हा तेथे संकलन वर्ज्य मानले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. 'द सर्कस' (१९२८) मध्ये चॅप्लिन सिंहाच्या पिंजऱ्यात आहे, आणि सिंह व चॅप्लिन एकाच चौकटीत दिसतात. ते वेगवेगळे दाखवून जोडले असते तर प्रसंगाचा प्राणच गेला असता. सौंदर्यदृष्ट्या हा विचार बिनतोड वाटतो. परंतु त्याचा नैतिक अर्थ असा होतो की, प्रतिमेच्या सत्यतेसाठी कोणीतरी खरोखरच पिंजऱ्यात गेले पाहिजे. कोणी जायचे, हे मात्र सौंदर्यशास्त्र सांगत नाही. ते निर्मितिव्यवस्था ठरवते.

३

'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' (१९२८) मध्ये घराची संपूर्ण दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते, आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती आल्याने तो बचावतो. भिंत खरी होती, वजन खरे होते, उभा राहिलेला माणूस कीटनच होता. येथे योजना करणारा, धोका पत्करणारा आणि श्रेय घेणारा हे तिघे एकच आहेत. या कृतीवर अविचाराचा आरोप करता येईल, अन्यायाचा करता येणार नाही.

स्टुडिओव्यवस्था स्थिर झाली तसे हे ऐक्य तुटत गेले. नटाच्या चेहऱ्यात भांडवल गुंतलेले असते, म्हणून तो धोक्यात घालता येत नाही; ज्याच्या चेहऱ्यात भांडवल नाही त्याचा देह घालता येतो. 'स्टेजकोच' (१९३९) मध्ये याकिमा कनट धावत्या घोडागाडीच्या घोड्यांमधे पडतो, फरफटत जातो आणि सगळी गाडी त्याच्यावरून निघून जाते. हा प्रसंग पुढील पिढ्यांसाठी वस्तुपाठ ठरला. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधील ट्रकखालून फरफटत जाण्याचे दृश्य, जे टेरी लेनर्डने हॅरिसन फोर्डच्या जागी केले, त्याचेच स्मरण आहे. परंतु या कलेची पहिली अट अशी की कलावंत ओळखू येता कामा नये. जितके त्याचे काम परिपूर्ण, तितका तो अदृश्य. येथे अदृश्यता हा अन्यायाचा परिणाम नसून कौशल्याची कसोटी आहे. त्यामुळेच तिच्या आडून होणारा अन्याय लक्षात येण्यास वेळ लागतो.

हा अन्याय सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. मूकपटांच्या काळात हेलन गिब्सनसारखी स्त्री धावत्या आगगाडीवर स्वतः उड्या मारीत होती. नंतरच्या दशकांत मात्र नायिकेच्या जागी पुरुषाला केसांचा टोप घालून उभे करण्याची रीत पडली. कृष्णवर्णीय नटाच्या जागी गोऱ्या स्टंटमनच्या चेहऱ्याला काळा रंग फासण्याची रीतही तशीच. अदृश्य राहण्याचे कामसुद्धा ज्यांना नाकारले गेले, त्यांना संघटित व्हावे लागले. कृष्णवर्णीय स्टंट कलावंतांची आणि स्त्री स्टंट कलावंतांची अशा दोन्ही संघटना १९६७ साली स्थापन झाल्या. म्हणजे धोका पत्करण्याचा हक्क हादेखील येथे मागून घ्यावा लागलेला हक्क आहे. स्टंट कलावंताकडे केवळ बळी म्हणून पाहणाऱ्या करुणेने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

ज्यांना हक्क मागता येत नाही अशांचीही एक कथा या इतिहासात आहे. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) मधील घोडे तारांच्या साहाय्याने धावता धावता पाडण्यात आले आणि त्यांतील अनेक मेले. 'जेसी जेम्स' (१९३९) मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला, तेव्हा लोकक्षोभ उसळला, आणि १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन ही संस्था चित्रीकरणातील प्राण्यांवर देखरेख करू लागली. कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही, हे श्रेयनामावलीतील वाक्य याच परंपरेतून पुढे आले. 'मुलांचा खेळ होतो, पण बेडकाचा जीव जातो' या म्हणीतील बेडकाच्या बाजूने येथे कोणीतरी उभे राहिले. माणसाविषयी मात्र असे वाक्य पडद्यावर येत नाही. माणूस संमती देऊ शकतो, म्हणून त्याच्याविषयी ते आवश्यक नाही, असे गृहीत धरले जाते. तेव्हा या संमतीचे स्वरूप तपासणे भाग आहे.

४

संमतीचा युक्तिवाद दुर्बल नाही. प्रौढ, प्रशिक्षित माणूस समजून उमजून, मोबदला घेऊन एक कठीण काम पत्करतो. गिर्यारोहक, अग्निशामक दलातील जवान, खाणकामगार हेही धोका पत्करतात. स्टंटमनबद्दलची हळहळ त्याच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा अपमान करते, असेही म्हणता येईल. शिवाय या व्यवसायाचे मर्म धोक्यात उडी घेणे हे नसून धोका मोजून काढून टाकणे हे आहे. उतार, वेग, वजन, खाली ठेवलेली हवेची गादी, अंगावरचा पट्टा, पडण्याचा कोन या सर्वांची गणिते झाल्यावर जे उरते ते केवळ दिसायला भयंकर असावे, प्रत्यक्षात नसावे, हा या कलेचा आदर्श आहे. या अर्थाने स्टंट हाही अभिनयच, भरताला अभिप्रेत असलेला संकेतच होय. फरक इतकाच की हा संकेत चुकला तर हाडे मोडतात.

परंतु संमतीला तीन अटी असतात : ज्याची संमती घ्यायची त्याला धोक्याची जाण असली पाहिजे, नकार देण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि ज्या धोक्याला संमती दिली तोच धोका प्रत्यक्षात असला पाहिजे. अमेरिकन चित्रपटसृष्टीतील तीन दुर्घटना या अटी किती सहज मोडतात हे दाखवतात.

२३ जुलै १९८२ च्या पहाटे कॅलिफोर्नियात 'ट्वायलाइट झोन : द मूव्ही' च्या चित्रीकरणात, सुरुंगांच्या स्फोटांमुळे खाली उडणाऱ्या हेलिकॉप्टरवरील नियंत्रण सुटले आणि ते कोसळले. त्याखाली नट व्हिक मॉरो आणि दोन बालकलाकार ठार झाले. बालकांच्या रात्रीच्या कामाविषयीचे आणि स्फोटकांजवळच्या कामाविषयीचे नियम डावलून, आवश्यक परवान्याशिवाय त्या मुलांना आणले होते. दिग्दर्शक जॉन लँडिस व अन्य चौघांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय हा कायदेशीर जबाबदारीचा निर्णय होता. नैतिक प्रश्न त्याने मिटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला धोक्याची जाण कोठून असणार?

३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे 'द क्रो' च्या चित्रीकरणात ब्रँडन ली या नटाचा मृत्यू झाला. जवळून चित्रण करण्यासाठी वापरलेल्या नकली काडतुसातील गोळीचे टोक बंदुकीच्या नळीत अडकून राहिले होते. पुढे त्याच बंदुकीत आवाजासाठी भरलेल्या काडतुसाने ते बाहेर ढकलले. येथे दृश्यात कोणताही विशेष धोका योजलेला नव्हता. ली याने गोळी लागल्याच्या अभिनयाला संमती दिली होती, गोळीला नव्हे.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत नट अॅलेक बॉल्डविन याच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स मरण पावली. दिग्दर्शकही जखमी झाला. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. त्याच वर्षी बॉल्डविनवरील खटला काढून टाकण्यात आला. हचिन्स ना नटी होती ना स्टंट कलावंत. ती कॅमेऱ्याच्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूला होती. पाहण्याची जागा सुरक्षित असते, हे मानसिक अंतराच्या सिद्धान्तामागील गृहीतकच येथे कोसळते.

'द क्रो' नंतर पूर्ण करून १९९४ मध्ये प्रदर्शित झाला. लीच्या मृत्यूचे चित्रण त्यात घेतले नाही. 'ट्वायलाइट झोन' १९८३ मध्ये तो प्रसंग वगळून प्रदर्शित झाला. उलट 'बेन-हर' मधील अपघात चित्रपटात राहिला. 'मिशन : इम्पॉसिबल – फॉलआउट' (२०१८) साठी लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी घेताना टॉम क्रूझचा घोटा मोडला, तो क्षणही राहिला. यातून एक अलिखित नियम हाती लागतो : ज्या अपघातातून देह बचावतो तो अपघात कला होतो, ज्यातून बचावत नाही तो पुरावा होतो. प्रतिमेचे स्वरूप दोन्हीकडे सारखेच असते. प्रतिमेबाहेरच्या एका लौकिक तथ्याने तिचे कलामूल्य ठरवले जाते. कलाकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या समीक्षेने या नियमाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन ध्रुवांची चर्चा केली आहे, त्यांतील कोणत्याही एकाच ध्रुवावर उभे राहून साहसदृश्याचा उलगडा होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५

चित्रपटाच्या निर्मितीचे दर्शन घडवणारे लघुपट हा आता साहसपटाचा जोडव्यवसाय बनला आहे. पूर्वी जे झाकले जात होते ते आता आवर्जून दाखवले जाते. वरवर पाहता ही नैतिक प्रगती वाटते. श्रम दृश्य झाले, श्रमिकाला चेहरा मिळाला. परंतु उघड करण्याची क्रियाही एक निवड असते.

'द कॅननबॉल रन' (१९८१) च्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणात फसलेले, हसण्याजोगे क्षण दाखवले आहेत. त्यात भूमिका करणाऱ्या जॅकी चॅनने ही रीत उचलली आणि हाँगकाँगमधील आपल्या चित्रपटांच्या शेवटी तो पडल्याझडल्याचे, जखमांचे क्षण दाखवू लागला. 'द कॅननबॉल रन' च्या दिग्दर्शक हॅल नीडमने आपली कारकीर्द स्वतः स्टंटमन म्हणून घडवली होती. त्याच चित्रपटाच्या चित्रीकरणात १९८० मध्ये मोटारीची टक्कर होऊन एका तरुण स्टंट कलावंतीणीचे हातपाय कायमचे लुळे पडले. शेवटच्या हास्यक्षणांत अर्थातच हे नाही. पडद्यामागचे म्हणून जे दाखवले जाते त्यालाही एक पडदा असतो, आणि त्यामागे जे राहते ते पहिल्या पडद्यामागच्यापेक्षा अधिक खोल दडलेले असते, कारण आता सर्व काही पाहिले असे प्रेक्षकाला वाटू लागलेले असते.

अलीकडच्या काळात या प्रकाराने आणखी एक वळण घेतले. 'मिशन : इम्पॉसिबल – घोस्ट प्रोटोकॉल' (२०११) मध्ये क्रूझ दुबईच्या बुर्ज खलिफावर बाहेरून चढतो. तो खरोखर तेथे लटकला होता, आणि त्याच्या अंगाला पोलादी तारा बांधलेल्या होत्या. त्या तारा नंतर संगणकाच्या साहाय्याने प्रतिमेतून पुसून टाकण्यात आल्या. याच मालिकेतील २०२३ च्या चित्रपटात नॉर्वेतील कड्यावरून मोटारसायकलसह घेतलेली उडी बांधीव उतारावरून होती. तो उतारही प्रतिमेत खडक बनून जातो. या उडीचा निर्मितिपट मात्र चित्रपटाच्या कित्येक महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्येच प्रसृत करण्यात आला होता. प्रेक्षक चित्रपटगृहात आला तो कथेतील पात्र वाचेल की नाही या उत्कंठेने नव्हे, क्रूझने हे खरेच केले आहे या ज्ञानाने.

येथे दोन गोष्टी घडलेल्या आहेत. पहिली, आस्वादाचा विषय बदलला आहे. पात्राच्या भयाची जागा नटाच्या धोक्याने घेतली आहे. साधारणीकरण उलट फिरून विशेषाकडे आले आहे. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणाऱ्या मुलीकडे पाहणाऱ्या गर्दीला जो थरार वाटतो, त्या जातीचा हा थरार आहे. मात्र डोंबाऱ्याच्या खेळात कथेचा आव नसतो आणि दोरी सर्वांना दिसते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संगणकाचे तंत्र धोका निर्माण करण्यासाठी वापरले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे ते सुरक्षितता पुसण्यासाठी वापरलेले आहे. तार खरी होती. ती नसणे हा भास आहे. ज्याला प्रेक्षक वास्तव म्हणून दाद देतो त्यातील सर्वांत माणुसकीचा भाग, म्हणजे कोणीतरी कोणाचा तरी जीव सांभाळण्यासाठी बांधलेली तार, तेवढाच नेमका खोडलेला असतो.

निर्मितिपट ही तार पुन्हा दाखवू शकतो. त्याचे नैतिक मोल असेल तर ते येथे आहे. परंतु जाहिरातीचा भर तारेवर नसतो, उडीवर असतो; आणि क्रूझने केले हे सांगताना, तार बांधणारे, उतार मोजणारे, वारा तपासणारे शेकडो हात पार्श्वभूमीत जातात. पूर्वी डबल अदृश्य होता; आता नट स्वतः उडी घेतो आणि उडी शक्य करणारे अदृश्य होतात. अदृश्यता नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते.

६

मग प्रेक्षकाने काय करावे? साहसपट पाहूच नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. धोका हा मानवी जीवनाचा भाग आहे आणि धोक्यावर मिळवलेल्या प्रभुत्वाचे दर्शन हा एक जुना, निकोप आनंद आहे. प्रश्न आनंदाच्या विषयाचा आहे. एका साध्या कसोटीने तो तपासता येईल. पडद्यावरील झेप पाहून आनंदित झालेल्या प्रेक्षकाला नंतर कळले की झेप घेणाऱ्याच्या अंगाला तार होती, तर त्याचा आनंद उणावतो काय? उणावत असेल, तर तो दुसऱ्याच्या जिवाच्या अनिश्चिततेचा आस्वाद घेत होता. उणावत नसेल, किंबहुना तार कशी बांधली, कोन कसा साधला हे कळल्यावर तो वाढत असेल, तर तो कौशल्याचा आस्वाद घेत होता. पहिला आस्वाद 'बेन-हर' च्या दंतकथेला जन्म देतो. दुसरा कनटच्या कारागिरीला दाद देतो. या दोन्हींचे बाह्यरूप, म्हणजे अडकलेला श्वास, एकच असते. त्यामुळे ते वेगळे करण्याचे काम समीक्षेला करावे लागते.

यावर असा आक्षेप घेता येईल की कौशल्य आणि धोका अशी फोड कृत्रिम आहे. तोल सावरण्याचे कौशल्य कौतुकास्पद ठरते ते तोल जाण्याची शक्यता असते म्हणूनच. या आक्षेपात तथ्य आहे. शक्यता पूर्णपणे नाहीशी झाली तर साहस उरणार नाही. परंतु शक्यता आणि किंमत यांत फरक आहे. तोल जाण्याची शक्यता कौशल्याला अर्थ देते. तोल गेल्यावर जीव जावा, ही किंमत त्या अर्थात भर घालीत नाही. खाली जाळे असलेल्या झुल्यावरचा कलावंत जाळे नसलेल्यापेक्षा कमी कुशल ठरत नाही. जाळ्यामुळे कमी होते ते फक्त पाहणाऱ्याचे भय, आणि त्या भयाची किंमत दुसऱ्याने का मोजावी, याचे उत्तर कोणत्याही सौंदर्यशास्त्राजवळ नाही.

ज्यांनी ही किंमत जवळून पाहिली त्यांच्यातूनच वेगळी वाट निघाल्याचे एक उदाहरण आहे. ब्रँडन लीच्या मृत्यूनंतर 'द क्रो' पूर्ण करण्यासाठी ज्यांना त्याच्या जागी उभे केले त्यांत त्याच्या ओळखीचा एक स्टंटमन होता : चॅड स्टाहेल्स्की. त्याच्या देहावर काही ठिकाणी लीचा चेहरा संगणकाने बसवण्यात आला. पुढे 'द मेट्रिक्स' (१९९९) मध्ये तो कीआनू रीव्हजचा डबल झाला, आणि २०१४ मध्ये डेव्हिड लीच या दुसऱ्या स्टंटमनच्या साथीने त्याने 'जॉन विक' दिग्दर्शित केला. ज्या मालिकेत पडद्यावर अखंड गोळीबार चालतो त्या मालिकेत बंदुकीच्या नळीतून निघणारा जाळ बहुतांशी संगणकावर घातलेला असतो. पडद्यावर हिंसा जितकी बेसुमार, चित्रीकरणस्थळी शस्त्र तितके निरुपद्रवी. या चित्रपटांतील हिंसेच्या दर्शनावर वेगळे आक्षेप घेता येतील. पण प्रहार संकेताने दाखवावा, हा भरताचा दंडक येथे अनपेक्षित मार्गाने पुन्हा अवतरला आहे, हे नाकारता येत नाही.

मान्यतेच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहता येते. कनटला १९६७ मध्ये आणि नीडमला २०१२ मध्ये अकादमीने मानद ऑस्कर दिले. परंतु स्टंटसाठी नियमित पारितोषिक नव्हते. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून ते देण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात ते प्रथम दिले जाईल. पारितोषिकामुळे अधिकाधिक भयंकर उड्यांची स्पर्धा लागेल, अशी शंका घेता येते. म्हणूनच त्याचे नाव लक्षणीय आहे. हे पारितोषिक स्टंटच्या रचनेसाठी आहे. रचना हा शब्द गणिताकडे, योजनेकडे, तारेकडे निर्देश करतो, धैर्याकडे नव्हे. परीक्षक, समीक्षक आणि प्रेक्षक या शब्दाला जागले, तर कोणी किती उंचीवरून उडी घेतली यापेक्षा तिची किती बारकाईने काळजी घेतली, हे मूल्यमापनाचे गमक होईल. न जागले, तर एका दंतकथेला सुवर्णमूर्ती मिळेल, इतकेच.

नट हा पात्र आहे, त्याला रसाची चव नसते, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे रसनिष्पत्तीची मीमांसा म्हणून खरे आहे. परंतु साहसपटातील पात्र मातीचे वा धातूचे नसते. त्याला मणका असतो, घोटा असतो, घरी वाट पाहणारी माणसे असतात. रस चाखणाऱ्याने पात्राची आठवण ठेवावी, हे रसास्वादातील विघ्न नव्हे. ज्या आस्वादाला ही आठवण सोसत नाही, त्या आस्वादाविषयीच संशय घेतला पाहिजे.